शेवटच्याला पण बसू द्या की

डोंगर चढून आलेल्या माणसाला आपल्याकडं पहिला प्रश्न हाच विचारतात, किती किलोमीटर झालं आणि किती वेळात चढलास. मोबाईलमधलं ॲप पण तेच सांगतं, मनगटावरचं घड्याळ पण तेच मोजतं, आणि मग ते आकडे स्टेटसला पडतात. मला मात्र हल्ली वेगळंच विचारावंसं वाटतं. तुमच्यातला सगळ्यात मागचा माणूस थांब्यावर पोचला तेव्हा त्याला किती वेळ बसायला मिळालं?

तुम्ही कधी ग्रुपमधून चढावर गेला असाल तर हे बघितलं असणारच. पुढचे तिघं-चौघं तरातरा चढतात, एखाद्या झाडाखाली सावली बघून थांबतात, पाणी पितात, फोटो काढतात, त्यांचा दम जिरतो, घाम वाळतो, आणि मागची दोघं धापा टाकत तिथं पोचली रे पोचली की पुढचे पार्श्वभाग झटकत उठतात, चला, आले सगळे. म्हणजे ज्याला विश्रांतीची तशी गरजच नव्हती त्याला दहा मिनिटं मिळाली आणि ज्याचे पाय थरथरायला लागलेत त्याला काहीच नाही. यात कुणाच्या मनात वाईट नसतं, उलट पुढच्यांना वाटतं आम्ही थांबलो की तुमच्यासाठी. पण हे दिवसभर असंच चालतं, प्रत्येक थांब्यावर, आणि संध्याकाळी त्या मागच्या माणसाबद्दल सगळे प्रेमानंच म्हणतात, बिचारीचा स्टॅमिना कमी आहे. स्टॅमिना कमी नसतो हो, तिला थांबायलाच मिळालेलं नसतं.

मी ग्रुपमध्ये कायम मागं चालते. कुणी सांगितलं म्हणून नाही, मला आवडतं. मागून चाललं की पुढच्याची टाच दिसते आणि टाच लई काही सांगते. माणूस तोंडानं एकदम फिट आहे म्हणत असतो, पण टाच दगडावर टेकताना जराशी डळमळायला लागली, किंवा पाऊल उचलायच्या जागी फरफटत पुढं यायला लागलं, की समजायचं याला आता बसवलं पाहिजे. चेहरा बघून हे कळत नाही कारण चेहरा माणूस सांभाळतो, टाच सांभाळत नाही.

तर नोव्हेंबर संपता संपता आम्ही बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीच्या बाजूला एका कड्यावर गेलो होतो, त्या दिवसाबद्दल लिहायचंय. कड्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आपल्या भागात एखाद्या धबधब्याचं, एखाद्या पॉइंटचं नाव रीलमध्ये आलं की पुढच्या रविवारी तिथं गाड्यांची रांग, प्लास्टिकच्या बाटल्या आणि स्पीकर हे ठरलेलं आहे. पावसाळ्यात खानापूरच्या जंगलातल्या धबधब्यांकडं जायला वनखातं बंदी घालतं ते उगीच नाही. हा कडा गावाच्या चरणीच्या डोंगरात आहे, गावकऱ्यांना विचारून, त्यांच्यातलं कुणीतरी सोबत घेऊन जायचं, एवढंच सांगते.

आम्ही सगळे कॉलेजच्या वेळचे. मी बेळगावातल्या शहापूरची, एक मैत्रीण निपाणीची, एक डॉक्टरीण आहे ती चिकोडीला प्रॅक्टिस करते, एक मित्र खानापूर तालुक्यात मराठी शाळेत शिकवतो त्याला सगळे मास्तरच म्हणतात, एक बँकेत, सध्या अथणीला पोस्टिंग, आणि एक धारवाडकडचा कन्नड मित्र ज्याला आम्ही आप्पा म्हणतो आणि जो आमच्यापेक्षा जास्त मराठी शिव्या जाणतो. निपाणीवाली गेल्या काही वर्षांत फार कुठं गेली नव्हती, थायरॉईड, घर, सासूबाईंचं आजारपण, वजन वाढलंय, आणि ती येतानाच फोनवर म्हणाली होती की मी येते पण तुम्हाला माझ्यामुळं उशीर होणार. हे वाक्य मला लई लागलं. आपल्या माणसांबरोबर फिरायला येताना कुणाला आधीच माफी मागावीशी वाटावी, म्हणजे या आधीच्या फिरण्यांत आपण तिला काय अनुभव दिला असेल.

अंधारातच निघालो. पिरनवाडी सोडली, किणये गेलं, कुसमळीच्या पुढं झाडी दाट व्हायला लागते आणि खिडकीतून येणारा वाराच बदलतो. बँकवाला अथणीहून आदल्या रात्री आलेला, त्याला दरवेळी इथलं हिरवं बघून नवल वाटतं आणि ते बरोबरच आहे. एकच जिल्हा, पण तिकडं अथणीला वर्षाला साधारण 500-600 मिलिमीटर पाऊस, बेळगाव शहरात 1200 च्या आसपास, आणि इकडं कणकुंबी-आमगावच्या पट्ट्यात कित्येक हजार. जांबोटीच्या अलीकडं-पलीकडं कुणालाही विचारा, हब्बनहट्टीचा मारुती दर पावसाळ्यात मलप्रभेच्या पाण्याखाली जातो आणि पाणी उतरलं की परत दर्शन देतो, लोकांना त्याची सवय आहे. आम्ही गेलो तेव्हा नदी शांत होती, शेतात भात कापून पडलेलं, काही ठिकाणी मळणी चाललेली, आणि रस्त्याकडेला रताळ्यांची पोती भरून ठेवलेली.

गावात मास्तरच्या एका विद्यार्थ्याचे वडील आमच्याबरोबर येणार होते. आम्ही त्यांना मामा म्हणत होतो. साठीच्या आसपासचे, काटक, पायात साधी रबरी चप्पल, कमरेला मागं आकडीत अडकवलेला कोयता, हातात काठी. चहा झाला आणि मामांनी निघायच्या आधी दोन गोष्टी केल्या. पहिली, सगळ्यांना विचारलं, सेंट कुणी मारलाय काय? बँकवाल्यानं डिओ मारलेला. त्याला विहिरीवर नेऊन हातपाय, गळा धुवायला लावलं आणि वर शर्ट बदलायला लावला. कड्याला आग्या मोहोळं लागलेली असतात, वास आणि धूर दोन्ही त्यांना चालत नाही, आणि कपारीत असताना मोहोळ उठलं तर पळायला जागा नसते. आम्ही हसत होतो पण मामा हसत नव्हते.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांनी आमची रांग लावली. अंगणात उभं राहून एकेकाकडं बघितलं, आणि बघितलं ते पायांकडं. मग निपाणीवालीला म्हणाले, "ताई, तू माझ्या मागं." ती लगेच, "नको मामा, मी हळू चालते, मी मागनं येते की." मामा म्हणाले, "म्हणूनच तर." तिच्या मागं डॉक्टरीण, मग मास्तर, मग बँकवाला, मग आप्पा. मी म्हटलं मामा मी मागं राहते मला सवय आहे, तर म्हणाले ऱ्हा, पण पुढचा दिसत ऱ्हायला पायजे, दिसंना झाला की हाक मार. एवढंच. पुढं दिवसभर तीच रांग राहिली.

सुरवातीचा चढ डोंगराच्या सोंडेवरून. करवंदीच्या जाळ्या, मधनं मधनं जांभळीची खुरटी झाडं, आणि कमरेएवढं वाळलेलं गवत. नवीन माणसाला वाटतं दगड निसरडा असतो, पण कोरड्या दिवसात खरं फसवतं ते हे वाळकं गवत, बुटाखाली आडवं पडलं की सरळ घसरगुंडीच होते. मामा प्रत्येक पावलाला काठीनं गवत बाजूला करून खालची माती उघडी करत चाललेले आणि निपाणीवाली त्याच उघड्या जागेवर पाय ठेवत मागनं. वेग इतका कमी की बँकवाल्याची चुळबुळ मला मागनं दिसत होती, दर दोन मिनिटांनी घड्याळ बघायचा. एकदा वळून मला म्हणाला पण, असं गेलो तर जेवायलाच वर पोचू. मी म्हटलं बघू की.

सोंड संपली की घळ लागते. मोठमोठे दगड, त्यांच्या मधनं पावसाळ्यात पाणी येत असणार, आणि दगडांच्या मधे घसारा, म्हणजे पायाखालनं सरकणारी सुटी खडी. इथं मामांनी रांग मोडली नाही पण अंतर वाढवलं. एकाच्या बरोब्बर खाली दुसऱ्यानं उभं राहायचं नाही, घसाऱ्याचा पट्टा एका वेळी एकानंच ओलांडायचा, बाकीच्यांनी बाजूच्या मोठ्या दगडाआड थांबायचं, आणि दगड सुटला तर ज्याच्या पायाखालनं सुटला त्यानं लाजत बसायचं नाही, जोरात ओरडायचं, दगड! एकदा आप्पाच्या पायाखालनं नारळाएवढा सुटला, त्यानं जी आरोळी ठोकली ती पलीकडच्या डोंगराला आपटून परत आली, मी एका धोंड्याआड होते, तो दगड माझ्या डाव्या बाजूनं दोन टप्पे खात खाली गेला. खाली कुठंतरी थांबल्याचा आवाज यायला बराच वेळ लागला. त्यानंतर बँकवाल्यानं घड्याळ बघितलेलं मला आठवत नाही.

आणि थांबे. मामा थांबायचे ते कुणी दमल्यावर नाही, दमायच्या आधीच. सहा-सात माणसं नीट टेकू शकतील अशी जागा आली की ते उभे राहायचे, आधी निपाणीवालीला बसवायचे, मग आम्ही एकेक येऊन बसायचो. ती पहिली पोचलेली असल्यामुळं सगळ्यात जास्त वेळ तीच बसायची. बघा, फक्त रांग उलटी केली तर हिशोब आपोआप बदलला, कुणाला सांगावं लागलं नाही, कुणावर उपकार झाले नाहीत. मामा तंबाखू मळायचे, तिच्याकडं बघायचे पण नाहीत, पण तिचा श्वास शांत झाला की बरोब्बर उठायचे. चढताना ती मागून त्यांना काहीतरी सांगत होती, सासूबाईंचं, मुलाच्या पीयूसीचं म्हणजे अकरावी-बारावीचं, आणि मामा हूं हूं करत चाललेले. मला आधी वाटलं मामा ऐकून घेतायत बिचारे. मग डॉक्टरीण म्हणाली, अगं ते बोलणं थांबतंय का तेच ऐकतायत. चढताना सलग बोलता येतंय तोवर माणूस आपल्या दमात असतो, वाक्य तुटायला लागलं की वेग जास्त झाला. धाप लागेपर्यंत रेटून चढायचं आणि मग थांबायचं यात शरीराला परत जागेवर यायला कितीतरी जास्त वेळ लागतो, त्यापेक्षा धाप लागूच न देता संथ चढलेलं कधीही बरं. तिनं हे एमबीबीएसला वाचलं होतं, मामांना हे कुठनं माहीत ते नंतर कळलं.

घळीच्या वरच्या तोंडाशी जांभ्याची भिंत आहे. आपल्याकडं घरं बांधायला जो लाल चिरा वापरतात तोच हा दगड, पण इथं तो डोंगराच्या माथ्यावर टोपी घातल्यागत पसरलेला, खाली काळा कातळ आणि वर हा तांबडा थर. शेकडो वर्षं नाही, लाखो वर्षं पाऊस पडून पडून खडकातलं बाकी सगळं धुवून गेलं आणि लोखंड आणि ॲल्युमिनियम तेवढं मागं राहिलं, त्याचा हा जांभा, म्हणून तर गंजाचा रंग. जमिनीत असताना कोयत्यानं सुद्धा कापता येईल इतका मऊ असतो आणि उघड्यावर आला की वाळून टणक होतो. तो पाणी धरून ठेवत नाही, त्याच्या भोकाभोकांतनं ते खाली झिरपतं आणि जिथं जांभा संपून घट्ट थर लागतो तिथं झरा फुटतो. तसा एक झरा या भिंतीच्या बुडाला आहे, मनगटाएवढी धार, एवढ्या पावसाच्या मुलखात माथ्यावर उन्हाळ्यात पाणी मिळत नाही आणि इथं बुडाला मिळतं, त्याचं कारण हेच. आम्ही बाटल्या भरल्या, आणि तिथं मामा बराच वेळ बसले. आधी मला कळलं नाही एवढं का.

मग वर बघितलं तेव्हा कळलं. भिंत फार उंच नाही, दोन पुरुष असेल, पायऱ्यागत खोबणी आहेत, पण डाव्या हाताला दरी उघडी आहे. निपाणीवाली वर चढायला लागली आणि मधेच थांबली. मी खाली उभी होते, तिचा उजवा हात माझ्या डोक्याच्या जरा वर होता, मला तो हात अजून दिसतोय. जांभ्याला भोकं असतात, घावनाला जाळी पडते तशी, त्यात वाळून गेलेलं शेवाळ आणि एका भोकात कोळ्याचं पांढरं जाळं, आणि तिची चार बोटं अशा दोन भोकांत खुपसलेली, नखांच्या मुळाशी रक्त उतरून पांढरी पडलेली, बांगडी मनगटावरनं खाली कोपराकडं सरकलेली. जांभ्याची पकड चांगली असते, खरखरीत असतो, पण कडा धारदार असतात, तळहात सोलतो. तिच्या अंगठ्याखाली एक लाल रेघ उठली होती आणि ती रक्ताची का दगडाच्या भुकटीची ते कळत नव्हतं. ती काही बोलत नव्हती. सकाळपासून पहिल्यांदा तिचं बोलणं बंद झालं होतं.

कुणीतरी आता ओरडणार, अगं काही नाही, ये ये, घाबरू नकोस, असं मला वाटलं, आपण हेच करतो ना, आणि घाबरलेल्या माणसाला घाबरू नकोस म्हणण्याइतकं निरुपयोगी काही नाही. पण मामांनी वरनं हात केला की गप्प बसा. ते परत दोन खोबणी खाली उतरून आले, दरीच्या बाजूला उभे राहिले, म्हणजे तिला दरी दिसेना झाली, मामांचा सदराच दिसायला लागला. मग वाकून तिची टाच हातात धरली आणि बोट दाखवायच्या भानगडीत न पडता पाय उचलून पुढच्या खोबणीत ठेवला. "हितं. आता ह्याच्यावर उभी ऱ्हा. हात सोडू नको, आधी उभी ऱ्हा." ती उभी राहिली. "आता हात." मग हात. दुसरी टाच. एका वेळी एकच गोष्ट हलवायची, दोन हात एक पाय किंवा दोन पाय एक हात कायम दगडावर. प्रस्तरारोहण शिकवतात तिथं पहिल्या दिवशी हेच शिकवतात. ती वर गेली, आणि वर गेल्यावर रडली थोडी, आणि मग भिंतीकडं वाकून बघत राहिली. बँकवाला, जो एरवी ती भिंत उड्या मारत चढला असता, तो आपल्या पाळीला खाली शांत उभा होता आणि वर गेल्यावर त्यानं स्वतःची पिशवी उघडून तिला करदंट दिलं. गोकाकचं करदंट, गूळ, डिंक, काजू-बदाम-खारीक, चढावर याच्या तोंडात मारेल असं दुसरं काही नाही, ती पाकीटबंद एनर्जी बार घेऊन येणाऱ्या सगळ्यांना माझं हेच सांगणं असतं.

वर सडा. मैलभर सपाट जांभा, वाऱ्यानं आडवं झालेलं गवत, आणि चारी बाजूला डोंगरच डोंगर. भाकरी, शेंगाचटणी, वांग्याची भाजी, कांदा, असं सगळं पसरून बसलो. मास्तर भूगोल शिकवतो आणि तो वर्गातनं बाहेर आला तरी शिकवणं थांबत नाही, पण इथं ऐकायला बरं वाटत होतं. या पट्ट्यात पडलेला पाऊस दोन वाटांनी जातो. कणकुंबीला माउलीच्या देवळाजवळ उगम पावते ती मलप्रभा, पूर्वेला निघते, खानापूर करून सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाच्या धरणात थांबते, हुबळी-धारवाडच्या नळांना तिचं पाणी जातं, म्हणजे आप्पाचं बालपण याच पाण्यावर गेलं, आणि पुढं, उगमापासून साधारण 300 किलोमीटरवर, कूडलसंगमला कृष्णेत मिळून बंगालच्या उपसागराला जाते. आणि तिथनं फार लांब नाही, याच खानापूर तालुक्यात देगावच्या बाजूला उगम पावणारी म्हादई पश्चिमेला वळते, गोव्यात मांडवी होते आणि पणजीला अरबी समुद्रात. आप्पा म्हणाला, म्हणजे मी इथं पाणी सांडलं तर ते घरी जाईल का गोव्याला? मास्तर म्हणाला, कुठल्या बाजूला तोंड करून सांडतोस त्याच्यावर.

समोर जो दाट काळपट हिरवा पट्टा दिसत होता ते भीमगडचं अभयारण्य, 190 चौरस किलोमीटर, 2011 साली जाहीर झालं. त्यात बारापेडीच्या गुहा आहेत आणि त्या गुहांतलं रॉटनचं वटवाघूळ जगात फक्त इथंच आहे असं कितीतरी वर्षं मानलं जायचं, पुढं मेघालयात आणि कंबोडियात पण सापडलं. गवे, अस्वलं, शेकरू, सगळं आहे. आणि गावंही आहेत. गवळी, पास्तोली, कोंगळा, आमगाव, कृष्णापूर, देगाव. पावसाळ्यात त्यांतल्या काहींना जायला गाडीची वाट राहत नाही.

इथं मामा बोलायला लागले, एरवी दिवसभर फार बोलले नव्हते. त्यांच्या तरुणपणात गावाला रस्ता नव्हता, बाळंतीण असो, साप चावलेला असो, ताप डोक्यात गेलेला असो, डोलीतनं न्यायचं. दोन बांबू, मधे घोंगडं नाहीतर खुर्ची बांधायची, चौघं खांद्यावर घेणार, चौघं बदलीला, आणि वरनं पाऊस. काही गावांत हे अजून संपलेलं नाही. 2024 च्या पावसाळ्यात आमगावच्या लोकांनी आजारी बाईला असंच खांद्यावरून चिखलातनं नेलं होतं, त्याच्या बातम्या आल्या होत्या. मामांनी कितीदा डोली उचलली ते त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. पण कशी उचलायची ते सांगितलं. उतारावर उंच माणसं पुढं घ्यायची आणि बुटकी मागं, म्हणजे डोली सपाट राहते, चढावर त्याच्या उलट. आणि वेग ठरवायचा तो जोरकस गड्याच्या पायावर नाही, चौघांत ज्याचा दम कमी त्याच्या पायावर, कारण एकाचा पाय घसरला तर डोलीच खाली जाते. "म्हणून जो कच्चा त्याला नजरेसमोर ठेवायचा. मागं ठेवला तर तो गप ऱ्हातो, सांगत न्हाई, आणि मग पडतो."

एवढंच बोलून ते गवतात आडवे झाले, टोपी तोंडावर घेऊन. आमच्यात कुणी काही बोललं नाही. निपाणीवाली सड्याच्या कडेला एकटीच जाऊन उभी राहिली, चांगली कड्यापाशी, सकाळी जी डाव्या हाताची दरी बघून गोठली होती तीच.

उतरणीबद्दल लोक फार कमी लिहितात आणि मला वाटतं खरं लिहायला पाहिजे ते उतरणीबद्दल. चढताना दम लागतो पण चूक केली तर पुढच्या दगडावर हात टेकतो, उतरताना चूक केली तर पुढं काही नसतं. शिवाय उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच सगळं वजन अडवत असतो, ब्रेक लावून धरल्यागत, त्यानंच स्नायूंचे बारीक धागे दुखावतात आणि दुखणं त्या दिवशी येतच नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना येतं. डॉक्टरीण म्हणाली पावलं छोटी टाका, गुडघा सरळ ताठ करून पाय आपटू नका, जरा वाकलेला ठेवा. भिंतीवरनं मामा आधी खाली गेले, निपाणीवाली दगडाकडं तोंड करून उतरली, दोन ठिकाणी त्यांनी टाच धरली, तिसऱ्या ठिकाणी तिनंच म्हटलं सोडा मामा, मला खोबण कळली. मला वरनं तिच्या डोक्याचा भांग तेवढा दिसत होता.

घळीत एकदा बँकवाला आणि माझ्यात थोडं वाजलं, भांडण नाही म्हणता येणार. तो म्हणाला, मान्य आहे मामांचं, पण मला कधीतरी जीव खाऊन पळत चढायचं असतं, छातीत भाता चालतोय, कानात ठोके ऐकू येतायत, ते मला आवडतं, मग मी काय कायम कुणाच्या तरी मागं रांगत चालू? त्याचं म्हणणं खोटं नाही. पळणाऱ्यानं पळावं, आपल्या वेगाच्या माणसांबरोबर जावं, त्याची मजा वेगळीच आहे आणि ती कुणी कमी लेखू नये. माझं भांडण वेगाशी नाही. पण चला रे सगळे मिळून जाऊ म्हणून मेसेज टाकायचा, कुणालातरी आग्रह करून घराबाहेर काढायचं, आणि डोंगराला लागलं की तिला शेवटच्या वळणावर सोडून पुढं निघून जायचं, हे मला पटत नाही, आणि यापुढं मी ते होऊ देणार नाही. तो थोडा वेळ गप्प चालला. मग म्हणाला, गेल्या वेळी तिला तसंच झालं होतं ना. मी म्हटलं, दरवेळी.

ऊन कलायच्या आत गावात आलो. मामींनी उकडलेली रताळी आणि ताक दिलं, मामांना पैसे देताना त्यांनी आधी नको म्हटलं, मग मास्तरनं मुलाच्या वह्या-पुस्तकांसाठी म्हणून दिले तेव्हा घेतले. घळीपासून खाली आलो तर निपाणीवालीच सगळ्यांत कमी दमलेली दिसत होती, आणि मी, डॉक्टरीण, आप्पा, आम्ही कुणीच तुटलेलो नव्हतो. वेळेचं म्हणाल तर मास्तर म्हणाला गावातली पोरंठोरं जातात त्यापेक्षा आपल्याला थोडा जास्त लागला, शहरातले ग्रुप येतात त्यांच्यापेक्षा कमी, कारण आपण कुठंच कुणाची वाट बघत ताटकळलो नाही.

आता आमच्या ग्रुपवर नियम झालाय. कमी सवयीचा माणूस पुढं, वाट माहीत असलेल्याच्या लगेच मागं. थांबलं की सगळ्यांत शेवटी येणारा बसल्यापासून वेळ मोजायला सुरू करायची, पहिला बसल्यापासून नाही. हे बघायचं काम बँकवाल्यानं आपणहून घेतलंय, घड्याळ त्याच्याकडंच आहे.

जानेवारीत परत जायचं ठरतंय. निपाणीवालीला तिच्या जाऊबाईंना आणायचंय, पन्नाशीच्या आहेत, एक गुडघा कुरकुरतो, डोंगर कधी बघितलेला नाही. मी मामांना फोन करून सगळं सांगितलं आणि विचारलं जमेल का. ते म्हणाले, "आणा की. भिंतीपर्यंत जाऊ, झऱ्यावर जेवू, पुढचं तिथं बघू. मळणी आटपली पायजे तेवढी, आदल्या दिवशी फोन करा. आणि तिला म्हणावं नवीन बूट घालून येऊ नको, आठ दिवस घरात घालून फिर आधी."